पायवाली टीचर आणि डोळेवाले भाई

मोहल्ल्यात कुणी आमचा पत्ता विचारला तर चौकातला पानवाला सांगतो, "वो पाँववाली टीचर और आँखवाले भाई का घर ना? सीधा जाके बायें हाथ को." नवा माणूस दारात आला की गोंधळतो. पाँववालीच्या डाव्या पायात मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर, आणि आँखवाल्यांच्या हातात पांढरी काठी. माणसाकडे जे नाही त्यावरून त्याचं नाव ठेवायची ही रीत कुणी पाडली ते ठाऊक नाही. आम्हा दोघांना मात्र ती आवडते. 'बिचारे'पेक्षा केव्हाही बरी.

या लेखात आम्ही हीच नावं वापरणार आहोत, म्हणजे कोण काय म्हणालं याचा घोळ होणार नाही. पायवाली शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. डोळेवाले एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहेत. तिला वर्षाची असताना पोलिओ झाला, त्यांची नजर चौथ्या वर्षी गोवरात गेली. लग्नाला सतरा वर्षं झाली. चौदा वर्षांची एक मुलगी आहे. तिचे दोन्ही पाय आणि दोन्ही डोळे, अल्हमदुलिल्लाह, शाबूत आहेत आणि जीभ गरजेपेक्षा जास्त.

या सतरा वर्षांत आम्हाला सगळ्यात जास्त वेळा ऐकवली गेलेली गोष्ट म्हणजे आंधळ्या-लंगड्याची. लंगडा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो, तो रस्ता सांगतो, हा चालतो, आणि दोघं जत्रेला पोहोचतात. वलीम्याच्या दिवशीच तीन जणांनी सांगितली. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव असतो, की ही गोष्ट आपल्यालाच पहिल्यांदा सुचली. आम्ही मान डोलावतो. हा प्रयोग खरोखर केला, तर दोघांनाही एकाच रिक्षातून घाटी दवाखान्यात न्यावं लागेल, हे सांगत नाही.

आमची गोष्ट खांद्यावर नाही, स्कूटरवर चालते. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर पायवाली चालवते आणि डोळेवाले मागे बसतात. रोशन गेटपासून शहागंजपर्यंत त्या गर्दीतून जाताना "बघून चालव", "ब्रेक मार", "ट्रक आला" असं काहीही न म्हणणारा नवरा साऱ्या शहरात आमच्याकडेच आहे, असं पायवालीचं म्हणणं. डोळेवाल्यांचं म्हणणं असं, की ज्याला धोका दिसतच नाही तो शूर असायला काय हरकत आहे?

घरात असं दिवसभर चालू असतं. उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे, पण उर्दू ब्रेल मात्र इतर सगळ्या ब्रेलसारखी डावीकडून उजवीकडे. त्यामुळे एकच धडा दोघं वाचायला बसलो तर एक या टोकाने निघतो, एक त्या टोकाने, आणि मध्ये कुठेतरी सलाम-दुआ होते. डोळेवाल्यांचा मोबाइल प्रत्येक संदेश मोठ्याने वाचून दाखवतो, चित्रांसकट. ईदला कुणी मुबारकबादीबरोबर वीस चंद्रकोरी पाठवल्या, की तो यंत्राच्या आवाजात "चंद्रकोर, चंद्रकोर, चंद्रकोर" असं वीस वेळा म्हणतो. एका मयतीच्या संदेशाखाली कुणीतरी रडण्याच्या चेहऱ्याऐवजी चुकून दुसराच चेहरा दाबला होता. मोबाइलने भर बैठकीत वाचून दाखवलं, "आनंदाश्रू आलेला चेहरा."

हे सगळं लिहायचं कारण आमची मुलगी. तिच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता 'माझे घर'. तिने आमच्या नकळत भाषण लिहिलं. पायवालीने नंतर ते वाचून दाखवलं तेव्हा डोळेवाले इतके हसले की चहा सांडला. तिने लिहिलं होतं, की लाइट गेली की आमच्या घरात सगळे भिंती चाचपडतात, फक्त अब्बू बिनधास्त स्वयंपाकघरात जाऊन चहा करून आणतात. अम्मीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, म्हणून ती रस्त्याच्या कडेने एक पाय फुटपाथवर आणि एक खाली ठेवून चालते, म्हणजे हिशोब बरोबर होतो. (हा विनोद पायवालीचा आहे. मुलीने तो नाव न देता घेतला.)

तालमीच्या वेळी एका परीक्षक म्हणवणाऱ्या गृहस्थांनी तिला बाजूला घेऊन समजावलं. बेटा, आई-वडिलांच्या दुःखावर हसू नये. जरा करुण कर. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. आणि शेवटी 'तरीही त्यांनी हार मानली नाही' असं वाक्य घाल. मुलगी घरी आली ती विचारतच, "अम्मी, आपली मॅच कुणाबरोबर होती?"

गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी आजवर जे वाचलं त्यावरूनच ते बोलत होते. अपंग माणसाबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारचं लिहिलं जातं. एकात तो रडतो, दुसऱ्यात तो डोंगर चढतो. सकाळी उठून, डबा भरून, कामाला जाऊन, संध्याकाळी भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा अपंग माणूस कुणाच्या लेखात येत नाही.

दरवर्षी 3 डिसेंबर जवळ आला, की आम्हाला सत्काराची बोलावणी येतात. तो जागतिक अपंग दिन, संयुक्त राष्ट्रांनी 1992 मध्ये ठरवलेला. आतापर्यंत आमच्याकडे अकरा शाली जमल्या आहेत. आमच्या शहराच्या थंडीला दोन पुरतात. एका समारंभात स्टेजला सात उंच पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता. 'अपंगत्वावर मात' केल्याबद्दल पायवालीचा सत्कार होता, आणि तो घ्यायला तिला दोन स्वयंसेवकांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. मात झालेली होती तर उचलायची गरज का पडावी, हा प्रश्न तिने वर बसल्या बसल्या डोळेवाल्यांच्या कानात विचारला. ते हसले. फोटोत ते हसताना आले आहेत आणि खाली छापलं गेलं, 'संकटातही चेहऱ्यावर हास्य'.

ऑस्ट्रेलियात स्टेला यंग नावाची एक विनोदी कलाकार आणि लेखिका होती. 1982 चा तिचा जन्म, चाकाच्या खुर्चीत वाढलेली, 2014 मध्ये वारली. तिने एका व्याख्यानात सांगितलेला किस्सा आमच्या घरात फार चालतो. ती पंधरा वर्षांची असताना कुणीतरी तिच्या आई-वडिलांकडे आलं आणि म्हणालं, तुमच्या मुलीला एक पुरस्कार द्यायचा आहे. आई-वडील म्हणाले, छान कल्पना, पण तिने तसं काही केलेलं नाही हो. ती आपली शाळेत जायची आणि टीव्ही बघायची. पुरस्कार कशाचा, तर ती अंथरुणातून उठते याचा! स्टेलाचं म्हणणं असं होतं, की इतरांना स्वतःचं आयुष्य बरं वाटावं म्हणून आमचे फोटो वापरू नका. अकरा शालींवर बसून आम्हाला ते लगेच पटलं.

मग आशेने लिहायचंच नाही का? लिहायचं. ते कसं, हे आम्ही आपल्याच महाराष्ट्रातल्या एका पुस्तकातून शिकलो. कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजुक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन पायवालीने एका रमजानमध्ये तरावीहनंतर रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. कॉलेजच्या उंबरठ्यावर असलेल्या एका मराठी मुस्लिम घरातल्या मुलीचे दोन्ही पाय कायमचे जातात. ती जगण्यालाच कंटाळते. अशात तिची गाठ बंगळूरच्या बाबूकाका दिवाण यांच्याशी पडते. तेही चाकाच्या खुर्चीतले, पण व्यवसाय करणारे आणि हाताने चालवता येणारी खास मोटार स्वतः चालवणारे. पुढे ती शिकते, केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी करते, आणि मग ती नोकरीही सोडून अपंगांसाठी काम करते. 1984 मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी राहिली. मुलांसाठी वसतिगृह झालं, शाळा झाली, आणि सिंधुदुर्गात अपंगांच्या हातांनी चालणारा काजूचा कारखानाही झाला.

हे विनोदी पुस्तक नव्हे. पण पहिल्याच दिवशी पायवालीने नाव वाचलं तेव्हा डोळेवाले म्हणाले, "खुर्चीसाठी माणसं काय काय करतात ते रोज बातम्यांत ऐकतो. इथे खुर्ची माणसासाठी आहे." आणि खरोखर, त्या नावातच सगळं आलं. 'संघर्ष' नाही, 'अश्रू' नाही, 'झेप' नाही. एक वस्तू. जी ढकलता येते, मोडली तर दुरुस्त करता येते, दारातून आत जात नसेल तर दार रुंद करता येतं. नसीमादीदींची आशा अशीच आहे, सुताराला माप देऊन करून घेता येईल अशी. बाबूकाकांना भेटून त्या मुलीला उमेद आली ती कुणी गोड बोललं म्हणून नव्हे. हाताने चालणारी मोटार कशी असते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं म्हणून. उपदेशाने आम्हाला आजवर कधी बरं वाटलेलं नाही. चांगला कॅलिपर बनवणाऱ्या कारागिराचा पत्ता मिळाला, की आठवडाभर बरं वाटतं.

आणि हसण्याचं काय? हसणं तर आपल्याकडे फार जुनं आहे. बसऱ्याचा जाहिज हा अरबी गद्याचा थोर लेखक. सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी वारला. त्याचं खरं नाव अम्र बिन बहर. डोळे बाहेर आलेले होते म्हणून लोकांनी 'जाहिज', म्हणजे बटबटीत डोळ्यांचा, असं नाव ठेवलं, आणि तो त्याच नावाने अमर झाला. पानवाल्याचीच रीत म्हणायची. तो स्वतःवरचा किस्सा सांगायचा असं म्हणतात. एका बाईने त्याला रस्त्यात गाठून सोनाराच्या दुकानात नेलं, "असा," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. जाहिजने सोनाराला विचारलं, हे काय? सोनार म्हणाला, या बाईंना अंगठीच्या खड्यावर सैतान कोरून हवा होता. मी म्हणालो, मी सैतान कधी पाहिलेला नाही. म्हणून त्या तुम्हाला घेऊन आल्या.

म्हातारपणी त्याचं अर्धं अंग लुळं पडलं. तेव्हाही भेटायला येणाऱ्याला तो सांगे, की शरीराची एक बाजू कात्रीने कापली तरी कळायचं नाही आणि दुसऱ्या बाजूजवळून माशी उडाली तरी कळ येते. आम्हाला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. हसू येतं, आणि त्याच दमात त्या माणसाला किती त्रास होत होता तेही कळतं. हसवायचं म्हणून त्याने दुखणं लपवलं नाही. याच जाहिजने कोड असलेले, लंगडे, आंधळे आणि तिरळे अशा माणसांवर एक अख्खं पुस्तक लिहून ठेवलं आहे. त्यात अशी माणसं अरबांच्या कवींमध्ये, सरदारांमध्ये, विद्वानांमध्ये कशी होती ते आहे. म्हणजे आमच्यावर लिहिणं हा काही आजकालचा प्रकार नाही.

आता एक घरगुती भांडण. डोळेवाले कधीकधी मोठेपणा मिरवतात, की हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) यांच्या निमित्ताने कुरआनात सूरह अबस आली, ते आमच्यातले होते, आणि मदिन्यात हजरत बिलाल (रजि.) यांच्याबरोबर अजानही देत. "तुम्हारे पाँव के लिए क्या है?" यावर पायवालीचं उत्तर ठरलेलं आहे, हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.). ते मिसवाकसाठी काडी तोडायला झाडावर चढले होते. वाऱ्याने कपडा हलला आणि त्यांच्या अगदी बारीक पायांकडे पाहून काही साथी हसले. प्रेषितांनी (स.) विचारलं, कशाला हसता? आणि सांगितलं, की हे पाय मीजानमध्ये उहुद पर्वतापेक्षा जड भरतील.

या प्रसंगात ज्यांना हसू आलं ते दुष्ट नव्हते, मोठमोठी माणसं होती. पण ते हसू बारीक पाय असणाऱ्याचं नव्हतं. प्रेषित (स.) स्वतः थट्टामस्करी करत हे आपण सारे जाणतो. एका माणसाने उंट मागितला तर म्हणाले, तुला उंटिणीचं पिल्लू देतो. तो गडबडला, पिल्लावर कसा बसू? तर म्हणाले, कुठलाही उंट उंटिणीचंच पिल्लू नाही का? म्हणजे विनोद मना नाही. कुणाच्या पायावर उभा राहून केला जातो ते बघायचं.

हीच गोष्ट अलीकडे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितली. 'आँख मिचोली' नावाच्या सिनेमात अपंगांची टर उडवली आहे, अशी तक्रार घेऊन निपुण मल्होत्रा हे स्वतः अपंग असलेले कार्यकर्ते न्यायालयात गेले होते. 8 जुलै 2024 रोजी त्या वेळचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. सिनेमा कापला नाही, पण दोन प्रकारचे विनोद वेगळे काढले. अपंगत्वाकडे समजून पाहायला लावणारा विनोद निराळा, आणि अपंग माणसाला आणखी खाली ढकलणारा निराळा. 2016 च्या कायद्यात चारचौघांत अपंग माणसाचा मुद्दाम अपमान करणाऱ्याला शिक्षाही आहे. आम्ही त्या कायद्याचा दाखला अजून कुणाला दिलेला नाही. पानवाल्याला तर नाहीच.

खरं सांगायचं तर आमची भीती टर उडवणाऱ्यांची नाही. त्यांना उत्तर देता येतं. भीती दुसरीच आहे. सतत हसणाऱ्या माणसाला लोक विचारायचं सोडून देतात.

मुलगी जन्मली तेव्हाची गोष्ट. नातेवाईक बघायला आले. जो येई तो आधी पाळण्यात तिचे पाय उलगडून बघे, मग डोळ्यांपुढे खुळखुळा हलवी, आणि मग म्हणे, "माशाअल्लाह." एक मावशी तर पायाची बोटं मोजून गेल्या. आम्ही नंतर महिनाभर त्यांची नक्कल करून हसलो. पण त्याच पहिल्या रात्री सगळे गेल्यावर डोळेवाल्यांनी अंधारात तिचे दोन्ही पाय सावकाश चाचपले होते, आणि पायवालीने मोबाइलचा उजेड तिच्या डोळ्यांपुढून इकडून तिकडे नेला होता. पोलिओ आणि गोवर वारशाने येत नाहीत, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तरीही. त्यावर आम्ही आजपर्यंत विनोद केलेला नाही.

दुसरी गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. गल्लीच्या तोंडाशी पाइपलाइनसाठी रस्ता खोदून ठेवला होता. ना कठडा, ना दोरी. (शहराचं नाव बदललं, खड्डे त्याच पत्त्यावर आहेत.) डोळेवाले फजरला निघाले आणि आत पडले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "शहराची खोली मोजायला गेलो होतो. बरीच आहे." माणसं हसत, चहा पीत, आणि हलकी होऊन घरी जात. एकानेही विचारलं नाही, की आता तुम्ही वाचता कसं?

ज्याला दिसत नाही त्याचा उजवा हात म्हणजे काय, हे आम्हालाही तेव्हाच नीट कळलं. त्याच हाताने काठी, त्याच बोटांनी ब्रेल, त्याच हाताने जिन्याचा कठडा, मुलीच्या डोक्यावरचा हात, ताटातला घास. प्लास्टर घातलं त्या दिवशी त्यांचे डोळे दुसऱ्यांदा गेले. प्लास्टर निघाल्यावरही एक दिवस ते फजरला उठले, वुजू केला आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, "डर लगता है." सतरा वर्षांत हे शब्द पहिल्यांदाच. त्यानंतर दोन महिने ते रिक्षाने कामावर गेले. जाऊन-येऊन रोजचे दोनशे रुपये. महिन्याच्या हिशोबाच्या वहीत ती रक्कम लिहिताना पायवालीचा हात जड होई.

मुलीचं भाषण याच दिवसांतलं. तिने विचारलं, परीक्षक म्हणतात तसं रडकं करू का? डोळेवाल्यांनी थोडा वेळ विचार केला. म्हणाले, "नक्को. लाइटचा विनोद ठेव, अम्मीच्या फुटपाथचा ठेव. खड्ड्याचाही सांग. पण त्याच्या पुढच्याच वाक्यात दोनशे रुपये सांग. आणि मी दारात उभा राहिलो ते सांग." तिने विचारलं, "चालेल तुम्हाला?" ते म्हणाले, "माझीच भीती आहे, मीच देतोय." आणि शेवटचं वाक्य? 'हार मानली नाही'च्या जागी तिने लिहिलं, की खोदलेल्या रस्त्याला दोरी बांधायला किती पैसे लागतात ते मी दुकानात विचारून आले. आणि तो आकडा सांगितला. रिक्षाच्या एका दिवसाच्या भाड्याहून कमी होता.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. आधी सभागृह हसलं. मग खड्ड्यावर हसलं. मग दोनशे रुपयांवर गप्प झालं. डोळेवाल्यांनी पायवालीचा हात दाबून विचारलं, "क्या हुआ, सब चले गए क्या?" ती म्हणाली, "नाही, सगळे इथेच आहेत."

तिला बक्षीस मिळालं उत्तेजनार्थ. आमच्या घराला आजवर जे मिळालं ते बहुतेक उत्तेजनार्थच, त्यामुळे ते प्रमाणपत्र शालींच्या कपाटातच ठेवलं.

त्या सभागृहात आमच्या मशिदीच्या कमिटीतले एक बुजुर्ग बसले होते, नातवाचं भाषण ऐकायला आलेले. दोन दिवसांनी ते घरी आले. चहा झाला. म्हणाले, "भाई, तुम्ही पडल्यापासून फजरला दिसत नाही. आम्हाला वाटलं, अजून हात दुखत असेल." डोळेवाले म्हणाले, "हाथ तो ठीक है. मशिदीला पाच पायऱ्या आहेत, दिवसातून पाच वेळा जायचं, म्हणजे पंचवीस वेळा अंदाज घ्यायचा. पूर्वी घ्यायचो. आता तेवढं धाडस नाही." बुजुर्ग आधी हसले. मग त्यांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, कठडा कुठल्या बाजूला हवा? उजव्या की डाव्या? किती उंच?

हा प्रश्न आम्हाला त्याआधी कुणीच विचारला नव्हता. पायवालीने लगेच शिवणाच्या डब्यातून टेप आणला. डोळेवाल्यांना उभं करून कमरेपासूनची उंची घेतली, छत्तीस इंच. चढताना उजवीकडे, कारण काठी डाव्या हातात धरता येते. पाइप गोल हवा, चौकोनी नको, आणि पहिल्या पायरीच्या एक हात अलीकडून सुरू व्हावा, म्हणजे पायरी येण्याआधी हाताला कळेल.

पंधरा दिवसांत वेल्डरने कठडा बसवला. हिरवा रंग दिला. डोळेवाल्यांनी हात फिरवून सांगितलं, रंग छान आहे. फजरला ते परत जाऊ लागले, पहिले काही दिवस मुलीच्या खांद्यावर हात ठेवून गल्लीच्या तोंडापर्यंत, मग एकटे. कठड्याला सगळ्यात जास्त लटकतात ते गुडघेदुखीचे कमिटी मेंबर. जुम्याला तर तिथे रांग लागते.

एक अडचण राहिली आहे. कठड्याच्या पहिल्या टोकाशीच लोक चपलांचा ढीग घालतात. हात बरोबर पोहोचतो, पाय चपलांवर जातो. डोळेवाल्यांनी दोनदा सांगून पाहिलं, एकदा हसून, एकदा न हसता. सध्या तिथे पाटी लावायचं चाललं आहे, आणि ती उर्दूत लिहायची की मराठीत, यावर कमिटीत चर्चा सुरू आहे. दोन्ही अक्षर पायवालीचंच असणार आहे.